आखणी राहिलेली मूर्ती

आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यात घाईचा महिना मार्च असायचा. मार्चमध्ये शास्त्रज्ञांना काही विशेष सुचतं असं नाही. पण सरकारी अनुदान मार्चअखेर खर्च झालं नाही तर परत जातं, आणि ज्याचं परत जातं त्याला पुढच्या वर्षी ‘यांना गरज दिसत नाही’ म्हणून कमी मिळतं. हे मला पहिल्याच वर्षी कळलं. मंजुरीचं पत्र भर पावसाळ्यात आलं होतं, प्रत्यक्ष पैसे आले संक्रांत झाल्यावर. हातात जेमतेम दोन महिने होते. मी माझ्या सवयीप्रमाणे दोन याद्या केल्या: आपल्याला काय लागतं, आणि काय लागत नाही पण मार्चच्या आत मिळू शकतं. दुसरी यादी लांब झाली. त्या यादीतून आम्ही एक विजेची भट्टी घेतली. माती भाजायची भट्टी. आमची माती भाजायचीच नव्हती.

सर तिच्याकडे बघून म्हणाले, “छान आहे. हिच्यात डबे गरम करता येतील.”

सर रोह्याच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे. मी त्यांची विद्यार्थिनी. बी.एस्सी. झाल्यावर मी धाटावला एका कंपनीच्या लॅबमध्ये शिफ्टला जात होते. कंपनीने माणसं कमी केली त्यात माझाही नंबर लागला. ते कळल्यावर सरांनी घरी निरोप पाठवला. मी गेले तर म्हणाले, “एक प्रकल्प मिळेल असं वाटतंय. मला डोकं आहे, पण मी वस्तू हरवतो. तुला याद्या करता येतात. ये.”

सरांना खरं म्हणजे एकच प्रश्न पडला होता आणि तो बरीच वर्षं पडलेला होता: मातीत पाणी कुठल्या वाटेनं जातं आणि कुठल्या वाटेनं बाहेर येतं. शाडूची मूर्ती सुकताना का तडकते, एकाच घाण्यातल्या मातीच्या दोन मूर्तींपैकी एकच का तडकते, पाण्यात टाकल्यावर एक लगेच विरघळून बसते आणि दुसरी तशीच का राहते. पेणच्या आसपास मूर्तींचे इतके कारखाने, तरी या गोष्टीचा कुणी नीट अभ्यास केला नव्हता. प्लास्टर हलकं, झटपट सुकणारं, म्हणून सगळे प्लास्टरकडे वळत चालले होते. प्लास्टर पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याच्यावर बंदी येणार, येणार, असं दरवर्षी ऐकू यायचं. सरांचा पहिला प्रस्ताव पाच वर्षांचा होता. त्यात त्यांनी स्पष्ट लिहिलं होतं की यातून काय निघेल ते आज सांगता येत नाही, कदाचित काही निघणारही नाही.

तो प्रस्ताव परत आला. शेरा असा होता की फलनिष्पत्ती स्पष्ट नाही.

सरांनी तो पुन्हा लिहिला. आता मुदत दोन वर्षांची होती, आणि शेवटी काय मिळणार तेही त्यात होतं: शाडू, कागदाचा लगदा आणि भाताच्या तुसाची पूड यांचं मिश्रण, प्लास्टरइतकं हलकं, न तडकणारं, पाण्यात पूर्ण विरघळणारं. पहिल्या प्रस्तावातला प्रश्न दुसऱ्यात कुठेच राहिला नाही. हा लगेच मंजूर झाला. मंजुरीचं पत्र घेऊन मी पेढे आणायला निघाले तेव्हा सर म्हणाले, “थांब जरा. जे शोधायचंय ते सापडलंय असं लिहून दिल्यावर मिळालेले पैसे आहेत हे. पेढे नंतर.”

मला तेव्हा ते बोलणं अवघड वाटलं होतं. माझ्या हिशेबी नोकरी लागली होती. पेढे मी आणलेच.

कारखाना आम्हाला जोह्यात मिळाला. मालकांना सगळे काका म्हणायचे आणि त्यांच्या बायकोला काकी. काकांचा कारखाना म्हणजे घराला लागून पत्र्याची लांब शेड, मागे त्यांची भातशेती. काका साचे काढायचे, माती मळायचे, कामगार सांभाळायचे. आखणी, म्हणजे मूर्तीचे डोळे काढायचं काम, काकी करायच्या. काकींचा हात इतका चांगला होता की शेजारच्या कारखान्यांतूनही त्यांना बोलावणं यायचं. आखणीच्या दिवसांत त्या सकाळी अंघोळ करूनच शेडमध्ये यायच्या, मूर्ती फिरत्या पाटावर ठेवून तिच्यासमोर बसायच्या, आणि बुबुळ पूर्ण होईपर्यंत कुणाशी बोलायच्या नाहीत. मध्ये कुणी हाक मारली तर काकाच त्याला शिव्या घालायचे.

आमची ये-जा रोह्याहून पॅसेंजरने पेण, तिथून एसटीने जोहे. रोह्याच्या गिरणीतून तूस घ्यायचं, कॉलेजात दळून पूड करायची आणि पोती घेऊन जायचं. एकदा सर मला गाडीत केशिका, म्हणजे पाणी ज्यांतून आपोआप चढतं त्या केसासारख्या बारीक नळ्या, समजावून सांगत होते, मीही ऐकत होते, आणि पेण गेलं. मग हमरापूरही गेलं. जितेला गाडी थांबली तेव्हा समोरच्या बाईने विचारलं, “तुमी पेनचं ना? मंग हितं कुटं?” आम्ही पोती घेऊन जितेच्या फलाटावर उतरलो. परतीच्या गाडीला बराच अवकाश होता. सर पोत्यावर बसले आणि त्यांनी केशिका पूर्ण केली. तेव्हापासून काका आमची पोती आली की विचारायचे, “पेनवरून आली का जित्यावरून?”

मिश्रण जमायला वेळ लागला. तूस जाड राहिलं तर मूर्तीचं नाक खरखरीत व्हायचं. लगदा जास्त झाला तर सुकताना ती आक्रसायची आणि सोंड वाकायची. काका आमच्या फसलेल्या मूर्ती ओळीने मांडून ठेवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवायचे, “हे कालेजचं गनपती. ह्यांना शिकून झालं की सरळ होतील.” पण ते स्वतः मन लावून काम करायचे. सोंडेला आतून काथ्या घालायची कल्पना त्यांचीच. होळीच्या सुमाराला पांढऱ्या, न रंगवलेल्या मूर्ती चांगल्या निघायला लागल्या. त्या पाण्यात टाकल्या तर अलगद खाली बसायच्या, गाळ व्हायच्या. मार्चच्या प्रगती अहवालात आम्ही तेच लिहिलं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. कारखान्याचं वर्ष आणि अनुदानाचं वर्ष यांचा मेळ कधीच बसत नाही. थंडीत आणि उन्हाळ्यात मूर्ती काढतात, रंगकाम ज्येष्ठ-आषाढात, आखणी त्यानंतर. म्हणजे मार्चमध्ये ज्याचा अहवाल द्यायचा, ती पूर्ण झालेली मूर्ती तेव्हा कुठल्याच कारखान्यात नसते. सरांनी हे कार्यालयाला पत्राने कळवलं होतं, अहवालाची तारीख गणपतीनंतर ठेवा म्हणून. आर्थिक वर्ष बदलता येत नाही, असं उत्तर आलं. त्यांचंही बरोबरच होतं.

पावसाळ्यात रंगकाम सुरू झालं तेव्हा सरांनी पूर्ण झालेल्या मूर्ती चाचणीला मागितल्या. काकींनी हातातला ब्रश खाली ठेवला.

“डोलं काढलेली मूर्ती बादलीत घालायची? नाय. माज्या हातून नाय व्हायचं.”

सर म्हणाले, “काकी, विसर्जनाला आपण तेच करतो की.”

“ते पूजा झाल्यावर, आरती करून, परत ये म्हनून. तुमी बादलीत घालून घड्याल बघनार. देवाला निरोप असा देतात काय?”

सरांनी त्या पुन्हा मागितल्या नाहीत. ते देव मानायचे की नाही मला माहीत नाही, पण काकींना मानायचे. काकांनी मध्यममार्ग काढला. “सर, डोलं सोडून काय पायजे ते घ्या. आखनीच्या अगोदरच्या मूर्त्या घेऊन जा. रंग सगला झालेला हाय.”

आम्ही त्या घेतल्या. अंगाचा रंग, पितांबर, मुकुट, दागिने, सगळं होतं; फक्त डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या जागा. त्या मूर्ती कॉलेजच्या टेबलावर ओळीने ठेवल्या तेव्हा शिपाई आत यायला तयार होईना. एकेक करून आम्ही त्या पाण्यात सोडल्या. रंगामुळे थोडा जास्त वेळ लागला, पण सगळ्या बसल्या. रंगाचा थर सुटा होऊन वर आला आणि त्याचीही पूड झाली. सर दोन दिवस शीळ घालत होते. एक मूर्ती आम्ही विरघळवली नाही. ती कपाटावर ठेवली, नमुना म्हणून.

त्याच महिन्यात मुंबईला अनुदान देणाऱ्या समितीसमोर सादरीकरण होतं. सरांनी फोन करून विचारलं, की विसर्जन होईपर्यंत थांबता येईल का. लोकांच्या घरी जाऊन, पूजा होऊन नदीत गेलेली मूर्ती बघितल्याशिवाय मला खात्रीने बोलता येणार नाही, असं त्यांनी सांगितलं. पलीकडचे अधिकारी सभ्य होते. समिती वर्षातून एकदाच बसते, म्हणाले. यंदा आला नाहीत तर मुदतवाढीचा विचार पुढच्या वर्षी, आणि पुढच्या वर्षी तुमचा प्रकल्प संपलेला असेल.

म्हणून आम्ही गेलो. काचेच्या भांड्यात मूर्ती विरघळताना दाखवली. समितीतल्या कुणीतरी टाळ्या वाजवल्या. मुदतवाढ मिळेल, आणि पुढच्या टप्प्यात कारखानदारांना प्रशिक्षण द्यायचं, असं तिथेच बोलणं झालं. तालुक्याच्या वर्तमानपत्रात फोटो आला. काकांनी तो कापून शेडच्या दाराला चिकटवला, आणि पुढच्या हंगामाला अर्धी शेड आपल्या मिश्रणाची, अर्धी प्लास्टरची, असं ठरवून टाकलं. त्यांनी प्लास्टरचे काही जुने साचे विकलेसुद्धा.

त्या गणपतीला काकांनी आमच्या मिश्रणाच्या पूर्ण झालेल्या, आखणी केलेल्या मूर्ती रोह्यातल्या सात घरांना दिल्या. एक सरांच्या घरी आली. सरांचा गणपती दीड दिवसाचा. सरांच्या बायकोने मोदक केले, मी आरतीला होते. मूर्ती पाटावर ठेवली तेव्हा सरांनी तिच्या डोळ्यांकडे बराच वेळ बघितलं. मला म्हणाले, “काकींचं म्हणणं बरोबर होतं. हा बादलीत घालता आला नसता.”

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी कुंडलिका नदीवर विसर्जन झालं. त्याच्या पुढच्या सकाळी सरांचा मुलगा मला बोलवायला आला. मी घाटावर गेले तर सर विजार गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उभे होते आणि त्यांच्या हातात घरची बादली होती. ओहोटीचं पाणी होतं. काठाला, दगडांच्या बेचक्यात, तुकडे तरंगत होते. एक हात. अर्धा मुकुट. सोंडेचा तुकडा, त्यातून काथ्या बाहेर आलेला. प्लास्टरच्या मूर्ती निदान तळाशी जाऊन पडतात. आमची हलकी होती. तिने हलकं राहायचंच वचन दिलं होतं.

घाटावर आंघोळीला आलेले एक म्हातारे म्हणाले, “काय सर, कालचा बाप्पा परत नेताय काय? एवढा लळा बरा नव्हे.”

सर हसले, आणि वाकून पुढचा तुकडा उचलला. चेहऱ्याचा होता. एक डोळा तसाच होता, काकींनी काढलेला, ओला आणि स्वच्छ. सर तो हातात धरून उभे राहिले. मी बादली पुढे केली, पण त्यांनी तो बादलीत टाकला नाही. खिशातून रुमाल काढला, त्यात गुंडाळला.

दोन्ही काठ फिरून आम्ही जेवढे मिळाले तेवढे तुकडे गोळा केले. घरी ओसरीवर कागद पसरून सरांनी ते लावले आणि एका तुकड्याला नखाने खरवडलं. पातळ, पारदर्शक पापुद्रा निघाला. त्यांनी तो उजेडात धरला.

“हा काय? बादलीतल्यांना हा नव्हता.”

आम्ही त्याच दिवशी जोह्याला गेलो. सरांनी पापुद्रा काकांसमोर ठेवला. ती चकाकी होती. दागिने, मुकुट आणि पितांबर चमकावेत म्हणून शेवटी सगळ्या मूर्तीवर वॉर्निशचा एक हात मारतात तो. आखणीला मूर्ती पाटावर फिरवावी लागते, ओली चकाकी बोटांना लागते, म्हणून त्या कारखान्यात चकाकी नेहमी आखणीनंतरच. आखणी नसलेल्या मूर्तीला चकाकी नाही. हे तिथे सगळ्यांना इतकं माहीत होतं की कुणाला सांगावंसं वाटलं नाही, आणि आम्हाला इतकं माहीत नव्हतं की विचारावंसं वाटलं नाही. पाणी खालच्या न रंगवलेल्या बुडातून आत गेलं, लगदा फुगला, वरच्या चकाकीने वाट अडवली, आणि मूर्ती आतून फुटली.

काकी मागच्या दारात उभ्या होत्या. त्या पुढे आल्या. “म्हंजे मी डोल्यांवरून आडवी आले म्हनून झालं का हे?”

“नाही हो काकी,” सर म्हणाले. “तुम्ही जे सांगायचं ते सांगितलंत. विचारायचं काम माझं होतं.”

“पन मी डोलं काढलेला दिला अस्ता तर...”

“काकी, नाही.”

त्या आत जाऊन चहा घेऊन आल्या. जाताना काका एसटीपर्यंत आले. अर्ध्या शेडचं काय करू, असं त्यांनी विचारलं नाही. एसटी आली तेव्हा काका म्हणाले, “सर, व्हईल. अजून दोन-तीन गनपती जाऊ द्या, व्हईल.” काकांना वाटत होतं की काम पुढे चालू राहणार आहे.

सरांनाही तसंच वाटत होतं, याचं मला अजून नवल वाटतं. घाटावरचा धक्का ओसरल्यावर ते उलट उत्साहात आले. परतीच्या गाडीत बोलत सुटले. पाणी आत कुठल्या वाटेनं जातं, बाहेर यायला कुठे अडतं, हेच तर त्यांना पहिल्यापासून बघायचं होतं. चकाकी बदलायची की बूड बंद करायचं, की पाण्याला आतून दुसरी वाट करून द्यायची? “आत्ता कुठे सुरुवात झाली,” असं ते निदान चार वेळा म्हणाले. मी पुढच्या हंगामाच्या सामानाची यादी करायला घेतली. नागोठण्यापर्यंत अर्धी झालीसुद्धा.

अंतिम अहवाल लिहायची वेळ आली तेव्हा कार्यालयातून पुन्हा त्याच अधिकाऱ्यांचा फोन आला. सरांनी त्यांना सगळं आधीच कळवलं होतं. मी समोर बसले होते, सरांनी फोन कानापासून थोडा लांब धरला होता, म्हणून मला ऐकू येत होतं.

“सर, तुम्ही एवढंच लिहा ना, की चकाकीविरहित रंगीत मूर्ती पूर्ण विरघळते. हे खरं आहे की नाही?”

“खरं आहे. पण तशी मूर्ती कोण घेतं? बाजारात एक दाखवा.”

“ते पुढच्या टप्प्यात बघू. आधी पुढचा टप्पा तर मिळू दे. तुम्ही अपयश लिहिलंत तर मी तुमच्यासाठी काही करू शकत नाही. उद्दिष्ट साध्य झालं, किंवा नाही झालं, एवढ्या दोनच जागा आहेत तिथे.”

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “सर, ते वाक्य खोटं नाहीये.” मी प्रामाणिकपणेच म्हटलं होतं. माझी नोकरी त्यावर होती, काकांची शेड होती, आणि सरांना तर त्यातूनच पुढचं काम मिळणार होतं. आजही कुणी मला विचारलं तर मी हीच बाजू मांडेन.

सर म्हणाले, “तू लहानपणी घरी सांगायचीस ना, अभ्यास झाला म्हणून? कुठला झाला ते सांगायचीस?”

“पण सर, लिहिलं तर निदान काम पुढे जाईल.”

“कुठलं काम? प्रशिक्षण सुरू होईल. दहा कारखाने हे मिश्रण घेतील. त्या वर्षी कुंडलिकेत सात नाही, सातशे मूर्ती तरंगतील. मग मी बादली घेऊन किती ठिकाणी उभा राहू?”

सरांनी अहवाल स्वतःला हवा तसा लिहिला. पहिल्या पानावरच लिहिलं की पूर्ण झालेली मूर्ती विरघळत नाही, त्याचं कारण काय, आणि त्यावर उपाय शोधायला आणखी काही हंगाम लागतील. मी टाइप केला, बांधून घेतला, प्रती पाठवल्या. उन्हाळ्यात उत्तर आलं. उद्दिष्ट साध्य न झाल्याने मुदतवाढ नाही. त्या दोन ओळींत आमच्या चुकीबद्दल काही नव्हतं, तसंच आम्हाला काय सापडलं त्याबद्दलही नव्हतं.

सरांनी पुढची तीन-चार वर्षं ठिकठिकाणी प्रस्ताव पाठवले. प्रत्येक अर्जात आधीच्या प्रकल्पाचा निकाल लिहायची जागा असायची. तिथे ते खरं लिहायचे.

त्याच विषयावरचा पुढचा पैसा दुसऱ्या एका संस्थेला मिळाला. त्यांनी मातीला हातच लावला नाही. विसर्जनाबद्दल लोकांना किती माहिती आहे याची पाहणी केली. अशा पाहणीत फसण्यासारखं काही नसतं. लोकांना माहीत असलं तरी निष्कर्ष निघतो, नसलं तरी निघतो. प्रश्नावली घेऊन घरोघर जायला माणसं हवी होती, तेव्हा मी ते काम घेतलं आणि नीट केलं. वेळेत पूर्ण झालं, वेळेत खर्च झाला, अहवालाचं कौतुक झालं. एकदा बाजारात सर भेटले. हातात पालेभाजीची पिशवी होती. माझ्या खांद्यावरच्या कागदांकडे बघून त्यांनी विचारलं, “प्रश्न अवघड आहेत का गं?”

मी म्हटलं, “नाही सर, सोपे आहेत.”

“बरं,” ते म्हणाले. “दमत जाऊ नकोस उन्हात.”

काका पूर्ण प्लास्टरवर गेले. विकलेले साचे त्यांनी नव्याने करून घेतले. दारावरचं कात्रण पावसाने गळून पडेपर्यंत होतं.

पुढे मी सरांच्याच कॉलेजात प्रयोगशाळा सांभाळायला लागले, ती आजतागायत. सर निवृत्त व्हायच्या आधीच आजारी पडले. मी शेवटची भेटायला गेले तेव्हा त्यांना फार बोलता येत नव्हतं. उशाशी पाण्याचा पेला होता. त्यात त्यांनी कागदाची एक पट्टी सोडून ठेवली होती आणि पाणी तिच्यावरून किती वर चढलं ते बघत पडले होते. मला बघून बोटाने पट्टीकडे दाखवलं. मी मान डोलावली. आठवड्याने ते गेले.

कपाटावरची मूर्ती राहिली. दरवर्षी जुनं सामान निर्लेखित करताना, म्हणजे दप्तरातून काढून टाकताना, मी यादी करते, पण मूर्ती कधीच खरेदीत दाखवलेली नसल्याने ती काढूनही टाकता येत नव्हती. भट्टी गेली, काचेची भांडी गेली. डोळ्यांच्या जागी दोन पांढऱ्या जागा असलेली मूर्ती तिथेच होती. मी तिची धूळ पुसायचे.

गेल्या आषाढात काकांचा फोन आला. “बाय, एक मॅडम आल्यात मुंबईवरून. शास्त्रज्ञ हायत. शाडू, कागद आनि तूस आनलंय. म्हनतात नवीन हाय.”

मी दुसऱ्या दिवशी गेले. मॅडम माझ्यापेक्षा बऱ्याच लहान, हुशार, कामाला चटपटीत. त्यांचा प्रकल्प दोन वर्षांचा होता. मिश्रण जवळजवळ आमचंच होतं. मी सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “याचा अहवाल होता? मी आधीचं काम खूप शोधलं. कुठेच काही नाही मिळालं.”

“होता. सरांनी पाठवला होता.”

“छापला नसणार,” त्या म्हणाल्या. “न झालेलं कोण छापतं? माझ्या पांढऱ्या मूर्ती तर छान विरघळल्या. मार्चच्या अहवालात दिलंय मी.” आणि थोड्या वेळाने, “तुम्ही म्हणता ते मला स्वतः बघायला मिळालं असतं तर बरं झालं असतं.”

पुढच्या खेपेला मी मूर्ती नेली. जुन्या साडीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, पॅसेंजरने. काकींनी साडी सोडली आणि ओळखली. आता आखणी सून करते, काकींचा हात थरथरतो.

मी विचारलं, “काकी, हिला चकाकी मारता येईल? आखणी न करता?”

“मारते की. तिला काय व्हतंय?” त्यांनी सुनेकडून ब्रश घेतला. मुकुटापासून पितांबरापर्यंत सगळीकडे एक हात फिरवला. चकाकीला हात स्थिर लागत नाही. ब्रश खाली ठेवून त्या म्हणाल्या, “बाय, तवा सरांनी सांगितलं अस्तं तरी मारली अस्ती गो मी. अडलं व्हतं ते डोल्यांवर. चकाकीला काय अडतंय?”

काका म्हणाले, “आता राहू दे ते.”

चकाकी वाळेपर्यंत आम्ही जेवलो. मग काकांनी माती भिजवायची मोठी बादली आणली, मी मूर्ती पाण्यात सोडली. कुणी घड्याळ बघितलं नाही. बराच वेळ काही झालं नाही, मॅडम मोबाइलवर आलेलं काही वाचत होत्या. मग बुडाकडून बुडबुडे यायला लागले. मूर्ती फुगली, पोटावर तडा गेला, आणि एकेक तुकडा सुटून वर आला. हात. मुकुट. चेहरा वर आला तेव्हा त्यावर दोन पांढऱ्या जागा होत्या. काकी म्हणाल्या, “बरं झालं, डोलं नव्हतं,” आणि पदराने तोंड पुसलं.

मॅडमनी फोटो काढले. मग हळू आवाजात मला म्हणाल्या, “ताई, हे मी लिहिलं तर पुढचा हप्ता...”

मी म्हटलं, “मला माहीत आहे.”

तुकडे काकांनी गाळून शेताच्या कडेला नेले. आखणी नव्हती म्हणून काकींनी हरकत घेतली नाही. नेण्याआधी मॅडमनी त्यातला मुकुटाचा तुकडा मागून घेतला, वर्तमानपत्रात गुंडाळला आणि पर्समध्ये ठेवला. पेणपर्यंत एकाच एसटीत होतो, त्या खिडकीबाहेर बघत होत्या. तो तुकडा त्यांनी अहवालाला जोडायला नेला की नुसताच नेला, मी विचारलं नाही. मार्च अजून यायचा आहे.